परत येण्याचा पुरावा

आमच्या शेजारचे तात्या माणूस बघितला की त्याचा व्हिसा ठरवतात. विट्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या बाकावर बसून हा कारभार चालतो. इंजिनिअर होऊन घरी बसलेला माझा मेहुणा आला की, “डिगरीवाल्यांना युरोपात कामाचं ब्ल्यू कार्ड असतंय, पन पयली नोकरी दावा म्हंत्यात.” पांडू न्हाव्याला, “तू धंद्याच्या व्हिसावर जा. आधी तिथल्या लोकांच्या डोक्यावर केसं हायेत का बघ.” माझ्या बायकोला तर भर रस्त्यात म्हणाले, “वैनी, तुमचं फ्यामिलीत बसतंय. पन आधी ह्यो कुटंतरी जाय पायजे.” तेव्हापासून ती माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघते.

वास्तविक या माणसाला व्हिसाशी काय करायचंय? तात्यांची उभी हयात गलाईत गेली. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी आमच्या भागातली माणसं देशभर पांगलीत, तात्या आसामात होते. तिथं जाताना कुणी कागद मागितला नाही. गावचा कुणीतरी आधी गेलेला असतो, त्याच्या दुकानात पथारी टाकायची, झालं. बायको वारली तेव्हा तात्या कायमचे परत आले. आता घरात ते आणि त्यांची लेक शीतल.

शीतल मिरजेला नर्स आहे, रोज जाऊन-येऊन करते. तिला जर्मनीतल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली. पोरगी जिद्दीची, जर्मन भाषेची परीक्षाही पास झाली. आता फक्त व्हिसा राहिला होता, आणि तात्यांची झोप उडाली.

त्यात गावातल्या एका सोनाराला युरोप फिरायचा व्हिसा नाकारला. का, तर हा परत येईल याचा पुरावा नाही. हे ऐकल्यापासून तात्यांनी पुराव्यांचा सपाटाच लावला. सातबारा झाला, घरपट्टीची पावती झाली. मग म्हशीचा फोटो आणला आणि त्याखाली मला टाइप करायला लावलं, की ही म्हैस शीतलशिवाय कुणाला धार काढू देत नाही.

“अहो तात्या, हा कामाचा व्हिसा आहे. त्याला हे लागत नाही.”

“तुला काय कळतंय रं? साहेबानं इचारलं, ही परत कशावरनं येनार, तर काय सांगायचं? पोरीचं वाटुळं करतोस व्हय?”

गलाईला निघालेल्या माणसाला पोचवायला सगळी भावकी जाते. तात्यांनी त्याच हिशेबानं नुसती फाइल द्यायला पुण्याला जीप भरून माणसं नेली. मीही होतो, पुरावे सांभाळायला. व्हिसा ऑफिसच्या दारातल्या गार्डनं एकट्या शीतलला आत सोडलं. आम्ही समोरच्या फुटपाथवर. बायकांनी धपाटी काढली, तात्यांनी अन्नाला हात लावला नाही. सारखे त्या दाराकडे बघत होते. मला हसू येत होतं, तरी मीही दाराकडेच बघत होतो.

शीतल बाहेर आली. हातात पुराव्यांचा गठ्ठा तसाच.

“म्हंजे नापास?” तात्यांचा चेहरा पडला.

“नाही तात्या. फाइल घेतली. हे लागत नाही म्हणाले. परत येणार का, ते विचारतच नाहीत.”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तात्या मात्र जीपमध्ये विट्यापर्यंत तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसले.

यथावकाश व्हिसा आला. दुसऱ्या दिवशी तात्या पेढे घेऊन दुकानात आले आणि बाकावर बसून राहिले. पांडू समोरून गेला तरी त्याला हाक मारली नाही.

“गड्या,” ते म्हणाले, “फिरायला जानाऱ्याला इचारत्यात, परत येनार का. हिला का न्हाई इचारलं?”

“तिथं नर्स कमी आहेत, तात्या. त्यांना माणसं लागतात.”

“आमाला बी लागत्यात की.”

मी पेढा तोंडात घातला. “मग तुम्हीच विचारा ना तिला,” मी म्हणालो.

“कुठल्या तोंडानं? मी आसामात हुतो तवा ल्हान हुती ती. दर फोनला इचारायची, तात्या कवा येनार? मी म्हनायचो, यात्रेला येतो. गावची यात्रा व्हायची, मी काय यायचो न्हाई. भट्टी सोडून कसा येनार?”

त्यांनी पेढ्यांच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला.

“काल मी काय इचारलं बी न्हवतं. तीच आपनहून म्हनली, यात्रेला येते तात्या. तवापास्नं जेवन जाईना बघ.”