शेवग्याला टांगलेलं मडकं

या उन्हाळ्यात आमच्या घरात विकतची भाजी येणार नाही, असं मी फेब्रुवारीतच जाहीर करून टाकलं! पाथर्डी फाट्याच्या आमच्या रो-हाऊसमागे चांगली चार वाफ्यांची जागा आहे. थोरल्या सार्थकने फरशीवर खडूने बागेचा नकाशा काढला. त्यात भेंडीला एक वाफा होता आणि डायनासोरला दोन. चार वर्षांच्या वेदिकाला आइस्क्रीम पेरायचं होतं. मी म्हटलं, आधी गिलकी, म्हणजे घोसाळी.

कारण गिलक्याचं बी आईचं होतं. आई गेल्या आषाढात गेली. कळवणच्या घरातून मी एकच वस्तू मागून आणली. छोटं मडकं, त्यात कीड लागू नये म्हणून राखेत घोळवलेलं मूठभर बी, तोंडाला पांढरं फडकं. हे बी दुकानात मिळत नाही. संपलं की संपलं. म्हणून आजवर मी ते पेरलं नव्हतं, आणि मागणाऱ्यांना दिलंही नव्हतं.

शनिवारी स्वयंपाकघरात उंदीर दिसला. आई मडकं आढ्याला टांगायची. आमच्या घराला आढं कुठलं? मी ते फाटकाजवळच्या शेवग्याला टांगलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपले.

रविवारी सकाळी मी मागे खणत होते, तर शेजारच्या ठमाबाई डोळे पुसत आल्या.

"अगं, कळवलं नाहीस!"

बागेचं कळवलं नाही म्हणून रुसल्या, असं मला वाटलं. "अचानक ठरलं हो, काकू."

"अशा वेळी माणसं लागतात जवळ."

"मी आणि पोरं पुरे. दुपारपर्यंत उरकून टाकू."

त्यांनी माझ्या कुदळीकडे पाहिलं. "इथं? घराच्या मागे?"

"मग! ऊन छान लागतं."

ठमाबाईंनी भिंत धरली. "आणि... महेशराव?"

माझा नवरा महेश एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आहे. आठवडाभर रात्रपाळी, त्यामुळे गल्लीत तो कुणाला दिसलाच नव्हता. "त्याला मी म्हटलं, तू शांत पड. तुला आता कुणी उठवणार नाही."

"अरे देवा!" म्हणत त्या तोंडाला पदर लावून निघून गेल्या. गिलक्यांसाठी इतकं रडणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली!

तासाभराने वेदिका धावत आली. "आई, सहादूआजोबा आले होते. आपलं मडकं घेऊन गेले. रडत होते."

सहादूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. पंचवटीच्या मार्केटला माल घेऊन येतो, त्या दिवशीही आला होता. मी फाटकाकडे पळाले. तिथे ठमाबाई उभ्याच!

"मीच फोन केला मामांना. म्हटलं, पोरीचं डोकं ठिकाणावर नाही, मागच्या अंगणातच पुरायला निघाली. गेले ते रामकुंडावर."

"काय पुरायला?"

त्यांनी शेवग्याकडे बोट केलं. फांदीला नुसती सुतळी लोंबत होती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अस्थी घरात आणत नाहीत, विसर्जनापर्यंत बाहेर झाडाला टांगतात. आईच्या आम्ही तशाच टांगल्या होत्या. असंच मडकं, असंच फडकं. आणि मला सुचू नये?

मी महेशला गदागदा हलवलं. "ऊठ! तू गेलास!"

"कुठे?"

"रामकुंडावर!"

महेश बर्मुड्यात, मी चिखलात, मध्ये पोरं, असे आम्ही चौघं एका स्कूटरवर निघालो. रामकुंडावर गुरुजी फडक्याची गाठ सोडत होते.

"नाव सांगा."

"महेश," मामा हुंदका देत म्हणाला.

"मामा!" महेश मागून ओरडला.

"थांब रं बाबा, तुझंच चाललंय," मामा वळून म्हणाला, आणि पुन्हा हात जोडून उभा राहिला. मग त्याचे हात हळूहळू खाली आले. "आरं, तू हाय की!" म्हणत तो पायरीवर मटकन बसला. मग उठून त्याने महेशला आधी मिठी मारली आणि मग पाठीत एक गुद्दाही घातला.

तिकडे गुरुजींनी मडकं पाण्यावर कलतं केलं होतं. मी झडप घातली! तळहातावर राख आली आणि तिच्यात काळ्याभोर बिया.

"हे तर गिलक्याचं बी!" गुरुजी म्हणाले. "देशी दिसतंय. आता दक्षिणा नको मला, चार बिया द्या. गच्चीवर मांडव आहे."

मी मडकं छातीशी धरलं.

"कुणाचं बी?" त्यांनी विचारलं.

"आईचं."

"नाव?" हे त्यांनी निव्वळ सवयीने विचारलं असणार.

"सिंधुबाई."

मी चार बिया मोजल्या, आणि मग आणखी चार दिल्या.

गेल्या आठवड्यात गुरुजींचा फोन आला. वेल मांडवभर पसरलाय, गिलकी न्यायला या. एक तुमच्या बियाण्यासाठी वेलावरच राखून ठेवलंय!

आमच्या वाफ्यात मात्र अजून एक कोंबही नाही. बियाण्याचा काही दोष नाही हो. सार्थक रोज सकाळी शाळेत जाण्याआधी सगळं उकरून बघतो, उगवलं का!