मास्तर ब्रेकच दाबत होते

मोटार चालवणे आणि मोटार चालवायला शिकवणे ही दोन स्वतंत्र शास्त्रे आहेत, आणि एकात मुरलेल्या माणसाला दुसरेही यावे असा हट्ट कोणत्याही सुधारलेल्या समाजाने धरू नये.

टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत चालणाऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमधले मास्तर यांपैकी दुसऱ्या शास्त्राचे. बावीस वर्षांत त्यांनी नऊ हजार माणसं रस्त्यावर आणली होती. (हे शब्द शाळेच्या पाटीवरचे. त्यांचा दुसरा अर्थही होतो, हे मालकांच्या लक्षात आलेलं नव्हतं.) उत्तीर्ण होण्याचं प्रमाण सत्त्याण्णव टक्के. उरलेले तीन टक्के परीक्षेला उशिरा पोहोचलेले.

मास्तरांची जागा शेजारच्या सीटवर. शाळेच्या गाडीत त्या बाजूलाही पायाशी दोन पॅडल असतात, डावीकडे क्लच आणि उजवीकडे ब्रेक. स्टिअरिंग नाही, अ‍ॅक्सिलरेटर नाही. एवढ्या सामग्रीवर आणि स्वतःच्या आवाजावर मास्तरांनी संसार उभा केला. शाळा घरापासून चार मिनिटांवर, म्हणून ते पायीच जात. घरची बाकी कामं शिकाऊ उमेदवारांच्या धड्यांत बसवलेली. बायकोला दवाखान्यात नेणं म्हणजे गर्दीतून गाडी काढणं, पडदे धुवायला टाकणं म्हणजे गाडी मागे घेणं, आणि मेहुण्याला स्टेशनवर सोडणं म्हणजे चढावरची सुरुवात. असं करता करता मास्तरांनी स्वतः स्टिअरिंग हातात धरल्याला अकरा वर्षं झाली. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिली दोन-तीन वर्षं तर त्यांनाही नव्हतं.

मग मालकांनी नवी गाडी घेतली. तिला एअरबॅगा होत्या, आणि पाटीवर त्यांचा उल्लेख ठळक अक्षरांत झाला. चालकाच्या हाताला लागतील अशी एकूण एकेचाळीस बटणं, खुंट्या आणि दांडे त्या गाडीत होते. त्यांतली आठ मास्तर शिकवत. उरलेल्या तेहेतिसांना त्यांच्याकडे एकच नाव होतं: "ते कंपनीचं असतं. हात नाही लावायचा." दिव्यांचंही तसंच. पिवळा दिवा लागला तर गाडीला बोलायची सवय आहे असं समजायचं. लाल लागला तर मालकांना सांगायचं, आणि मालकांनी हो म्हणायचं.

पट्टा लावला नाही तर नवी गाडी टिकटिक करायची. त्यावर शाळेने सोय केली होती. पट्टा सीटच्या मागून फिरवून आधीच खाचेत अडकवून ठेवलेला असे, आणि उमेदवार त्यावर पाठ टेकून बसे. "फुगा दिलाय ना आता," मास्तर समजावत, "मग पट्ट्याचं काम काय?" शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डवर जिथे एअरबॅगचं झाकण होतं, तिथे मालकांनी 'उत्कृष्ट प्रशिक्षक' असं लिहिलेली पितळी ढाल डिंकाने चिकटवली होती. म्हणजे फुगा उघडलाच, तर आपण उत्कृष्ट आहोत ही गोष्ट मास्तरांना सर्वांत आधी कळणार होती.

हे सगळं सुरळीत चाललं असताना मास्तरांच्या सासूबाईंनी गाडी शिकायचं मनात घेतलं.

सासूबाई निवृत्त औषधविक्रेत्या. पस्तीस वर्षं काउंटरमागे उभ्या राहिल्या, आणि बाटलीसोबतचा घडीचा कागद वाचल्याशिवाय त्यांनी कधी कुणाच्या हातात औषध ठेवलं नाही. (दुकान त्यामुळे फारसं चाललं नाही. गिऱ्हाइकं मात्र बरीच जगली.) त्यांची थोरली बहीण शहराबाहेर एका वृद्धनिवासात अंथरुणाला खिळली होती. तिकडे दिवसातून दोनच बस जात, आणि दुसरी परत येत नसे.

"मला तिच्याकडे जायला कुणाची तोंडं बघायची नाहीत," त्या लेकीला म्हणाल्या.

"मग यांच्याकडेच शीक की," लेक म्हणाली. "घरात मास्तर असताना बाहेर कशाला?"

मास्तर वर्तमानपत्राआड गेले, पण तोपर्यंत ठरलं होतं.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी गाडीचं पुस्तक मागितलं. ते सीटसमोरच्या कप्प्यात होतं, प्लास्टिकच्या वेष्टनात, कुणाचाही हात न लागलेलं. त्यांनी पर्समधून कात्री काढली, वेष्टन कापलं, आणि पुस्तक घेऊन घरी गेल्या. चार दिवसांनी परत आल्या तेव्हा चारशे बारा पानं वाचून झाली होती. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"जावईबापू, हे लाल त्रिकोणाचं बटण कशाचं आहे?"

"ते कंपनीचं असतं, आई."

"गाडी कुणाची आहे?"

"आपली. म्हणजे मालकांची."

"मग कंपनीचं कंपनीला परत का नाही देत?"

मास्तरांनी क्लचकडे लक्ष वेधायचा प्रयत्न केला. सासूबाईंनी ते ढालीकडे वेधलं. ती कशाच्या झाकणावर चिकटवलीय हे त्यांनी वाचून दाखवलं, कात्रीच्या पात्याने ती अलगद सोडवली आणि मागच्या सीटवर ठेवली. मग पट्टा सीटमागून काढून स्वतःला लावला आणि मास्तरांकडे बघत राहिल्या.

"फुगा आहे ना, आई."

"फुगा सुटतो तो डोळा मिटायच्या आत. तुम्ही पट्ट्याविना पुढे जाणार, तो तुमच्या दिशेने येणार. भेट मध्येच होणार. ही जोडीची औषधं आहेत, जावईबापू. एकटं घेतलं की बाधतं."

मास्तरांनी पट्टा लावला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. पोटावर जरा ताणून बसवावा लागला.

पुढच्या दीड महिन्यात सासूबाई गाडी चालवायला शिकल्या. सावकाश, पण पक्क्या. छाती आणि स्टिअरिंग यांत एक वीत आणि चार बोटं अंतर, हात दोन्ही बाजूंना, आरसे आधी, मग किल्ली. एक गोष्ट मात्र त्यांच्या नजरेतून सुटली नाही. कुठलीही अवघड जागा आली की मास्तर म्हणत, "आता बघा, असं करायचं," आणि मग हाताने हवेत करून दाखवत. 'उठा, मी दाखवतो' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. पस्तीस वर्षं लोकांच्या चिठ्ठ्या वाचलेल्या माणसाला कुठे गप्प बसायचं ते कळतं.

परीक्षेचा दिवस उजाडला. शाळेचे एकोणीस उमेदवार, एक गाडी, आणि कार्यालयामागचं एक मैदान. मैदानाच्या टोकाला भिंत, आणि उमेदवारांनी पाठ करावीत म्हणून तिच्यावर वाहतुकीची सगळी चिन्हं रंगवलेली. मालक सकाळी गाडी फाटकाशी लावून दाढ काढायला निघून गेले होते. तपासनीस पत्र्याच्या शेडखाली टेबल टाकून बसले, यादीवर सासूबाईंच्या नावासमोर त्यांनी पहिला क्रमांक लिहिला, आणि मान वर न करता म्हणाले,

"मास्तर, गाडी रेषेवर आणा."

फाटकापासून रेषा साठ पावलांवर. परीक्षेआधी उमेदवाराने गाडीला हात लावायचा नाही असा नियम. मास्तर गाडीकडे निघाले, दार उघडलं आणि आत बसले. शेजारच्या सीटवर.

एकोणीस माणसं बघत होती. कुणीतरी हसलं. "इकडचे ब्रेक तपासतोय," मास्तर मोठ्याने म्हणाले, उतरले आणि वळसा घालून दुसऱ्या दाराने आत गेले. समोर ते मोठं गोल चाक बघून त्यांनी हात मांडीवरच ठेवले.

खिडकीशी सासूबाई येऊन उभ्या होत्या.

"किती वर्षं झाली?" त्यांनी हळूच विचारलं.

"अकरा."

"मी सांगू का त्यांना? पाठीत उसण भरली म्हणते."

"नको, आई. नऊ हजार माणसांना शिकवलंय मी. तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

सासूबाईंनी एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा जावयाकडे. "बरं. मग पट्टा लावा. आणि सीट मागे घ्या, स्टिअरिंगला चिकटलाय अगदी."

"साठ पावलं तर जायचंय!"

"सीट, जावईबापू."

वाद घालण्यापेक्षा ऐकलेलं लवकर आटपेल म्हणून मास्तरांनी पट्टा लावला, सीट मागे घेतली आणि किल्ली फिरवली.

पुढे जे झालं त्यात मास्तरांचा तांत्रिकदृष्ट्या काहीही दोष नव्हता, असं नंतरच्या चौकशीत सिद्ध झालं. गाडी पहिल्या गिअरमध्ये व्यवस्थित निघाली. रेषा जवळ आली. मास्तरांनी सवयीने उजव्या टोकाचं पॅडल दाबलं. अकरा वर्षं त्यांच्या उजव्या टोकाला ब्रेकच होता. आजच्या सीटवर त्या टोकाला अ‍ॅक्सिलरेटर होता. गाडी थांबेना म्हणून त्यांनी आणखी जोरात दाबलं. गाडीने आज्ञा पाळली. मास्तर पूर्ण शक्तीनिशी गाडी थांबवत असताना तिने रेषा ओलांडली, उमेदवार पांगले, आणि ती भिंतीवरच्या 'प्रवेश बंद' या चिन्हात शिरली.

बंदूक झाडावी तसा आवाज झाला. गाडीत पांढरी धूळ भरली. रिकाम्या सीटसमोरचा फुगा उघडला नाही, चालकापुढचा उघडला आणि कुणी काही म्हणायच्या आत रिकामाही झाला.

सगळ्यांत आधी सासूबाई पोहोचल्या. त्यांनी खिडकीतून हात घालून किल्ली बंद केली, लाल त्रिकोण दाबला, आणि गाडीचे चारही कोपरे लुकलुकायला लागल्यावर जावयाच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, नाडी मोजली. मास्तरांच्या भुवयांपर्यंत भुकटी होती. मनगट भाजलं होतं, चष्मा एका कानावर लोंबत होता, छातीवर पट्ट्याचा तिरका वळ उठत होता. बाकी माणूस अख्खा होता.

"आज वार कोणता?"

"मी ब्रेकच दाबत होतो, आई."

"माहितीय," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा कापला. "मी बघत होते. मान हलवू नका."

इकडे तपासनिसांपुढे प्रश्न उभा राहिला. एकोणीस नावांचा तक्ता एक वाजेपर्यंत वर पाठवायचा होता. तक्त्यात दोनच रकाने होते, 'आढळलेल्या चुका' आणि 'निकाल'. गाडी नसल्याने एकाही उमेदवाराने गाडी चालवली नव्हती. चालवली नसल्याने एकाचीही चूक आढळली नव्हती. चूक आढळली नाही तर निकाल काय, हे नियमात स्पष्टच होतं. एकोणीसच्या एकोणीस उत्तीर्ण झाले. कार्यालयाच्या इतिहासातला तो सर्वोत्तम निकाल ठरला.

टाळ्या थांबल्यावर सासूबाई टेबलापाशी गेल्या.

"मी गाडी चालवलीच नाही."

"म्हणून तर पास झालात, मावशी," तपासनीस प्रेमाने म्हणाले.

"मला नापास करा आणि परत परीक्षा घ्या."

तसा अर्जाचा नमुना नव्हता. त्यांनी साध्या कागदावर लिहून दिला. कार्यालयात तो तीन टेबलांवर फिरला, कारण पास झालेल्या माणसाची तक्रार कुठल्या फायलीत लावायची हे कुणालाच सांगता येईना.

चौकशी मात्र लवकर झाली. भिंत गरजेपेक्षा पुढे होती असा निष्कर्ष निघाला, आणि तिला नोटीस चिकटवण्यात आली. मालकांनी पाटी बदलली. 'एअरबॅगचा प्रत्यक्ष अनुभव असलेले शहरातील एकमेव प्रशिक्षक' हे वाचून पुढच्या महिन्यात बॅच दुप्पट झाली. मास्तर लोकांच्या नजरा चुकवत फिरू लागले, त्याला नम्रता समजण्यात आलं.

तीन आठवड्यांनी सासूबाईंची फेरपरीक्षा झाली. त्यांनी दुरुस्त होऊन आलेल्या गाडीभोवती फेरी मारली, चाकं बघितली, सीट जुळवली, आरसे जुळवले, पट्टा लावला आणि तपासनिसांनी लावेपर्यंत गाडी सुरू केली नाही. मग चूक न करता आठ आकडा काढून गाडी रेषेवर आणून थांबवली. निकाल नापास. शेरा: 'निघण्यापूर्वी चार मिनिटे लागली. अशा सावधगिरीने वाहतूक खोळंबण्याचा संभव.'

"हरकत नाही," सासूबाई पायऱ्या उतरताना म्हणाल्या. "आता निदान माझा निकाल माझा आहे."

मास्तर शेजारी चालत होते. फाटकापाशी आल्यावर ते थांबले.

"आई, मला परत शिकायचंय. कुणाला न सांगता."

तेव्हापासून दर गुरुवारी ते दोघं वृद्धनिवासात जातात. मागे 'शिकाऊ' अशी लाल पाटी. गाडी सासूबाई चालवतात, शेजारी पट्टा लावून मास्तर, अगदी कायद्याला धरून. गाव संपलं की बंद पडलेल्या गिरणीचं मोकळं आवार लागतं. तिथे सीटांची अदलाबदल होते, आणि पुढचा अर्धा तास मास्तर घामाघूम होऊन गाडी पुढे-मागे करतात. "उजवं पॅडल कशाचं?" सासूबाई विचारतात, आणि बरोबर उत्तर आल्याशिवाय किल्ली देत नाहीत. दोनदा त्यांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. परवा दाबावा लागला नाही. थोरल्या बहिणीला हे सांगितलं तेव्हा ती उशीत तोंड खुपसून इतकी हसली की परिचारिका धावत आली.

बाकीच्या अठरा जणांचे परवाने टपालाने वेळेवर घरी पोहोचले. सगळे गाडी चालवतात, काही जण दुसऱ्यांना शिकवतातही. त्या अठरांत तुम्ही नव्हता, हे मान्य आहे. तुमची तारीख वेगळी होती.