टेकडीपलीकडचा नफा

एखादा मार्ग तोट्यात का जातो, हे वाहतूक खात्यात आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नसल्यामुळेच खातं सुरळीत चाललं होतं. मग मार्ग नियोजनाच्या उपअधिकाऱ्याला विमान कंपनी चालवण्याचा खेळ सापडला. कार्यालयाच्या संगणकावर तो जेवणाच्या सुट्टीत खेळायचा. पुढे ती सुट्टी दोन्ही बाजूंनी वाढत गेली. सहकारी त्याला कॅप्टन म्हणू लागले.

मोठ्या शहरांची उड्डाणं काय, कुणीही चालवेल. कॅप्टनने आडगावांचे मार्ग नफ्यात आणले. मोठं विमान काढून छोटं लावलं, फेऱ्या घटवल्या, शेजारच्या गावी जाणाऱ्यालाही आधी मुख्य विमानतळावर आणलं. ताटकळलेले प्रवासी पडद्यावर लाल ठिपके होऊन दिसत आणि थोड्या वेळाने आपोआप नाहीसे होत. ही सोय त्याला फार आवडली होती.

एके दिवशी साहेबांनी बोलावलं. "टेकडीपलीकडची बस तोट्यात आहे. नफ्यात आणा, नाहीतर बंद करा."

 टेकडीच्या पायथ्याशी कॅप्टनची मावशी राहायची. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. गुडघ्यांच्या उपचारासाठी ती याच बसने शहरात यायची. काही झालं तरी मावशीची बस वाचवायची, असं त्याने ठरवलं.

आधी छोटी बस लावली. तिच्यात माणसं मावेनात, म्हणून ती खच्चून भरली. भरलेली बस हे यशाचं लक्षण असल्यामुळे साहेबांनी चहा पाजला. मग शेजारच्या वस्तीत जाणाऱ्यांनी मुख्य स्थानकावरून जावं, असा नियम झाला. एका जावयाला हाकेच्या अंतरावरच्या सासरी पोचायला दिवस लागला, पण तिकिटं दोन फाटली.

तरीही नफा काठावरच होता. कॅप्टनने डोकं लढवलं. वेळ आणि डिझेल खातात ते मधले थांबे. दार उघडतं, म्हातारी माणसं चढतात. मधले थांबे गेले. बस थेट टेकडीपलीकडच्या नव्या वसाहतीत जाऊ लागली, भाडंही चांगलं मिळू लागलं. सोबत परिपत्रक निघालं: 'ठरावीक मुदतीनंतर थांब्यावर आढळणारी व्यक्ती प्रतीक्षेत नसल्याचे मानण्यात यावे.' तक्रारी एकदम थांबल्या.

आणि मावशी दुधाच्या गाडीत बसून कार्यालयात आली.

"अरे, बस येते, पण थांबत नाही! मी हात केला तर ड्रायव्हरने नमस्कार केला."

"किती वेळ उभी होतीस?"

"सकाळपासून."

"मग नियमाने तू वाट बघत नव्हतीस, मावशी."

"मग काय गुडघ्यांना हवापालटाला नेलं होतं?"

"बस तुझ्यासाठीच वाचवली गं मी," कॅप्टन कळवळून म्हणाला.

"वाचवलीस हो बाळा. जाताना छान दिसते."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तडक साहेबांकडे गेला, एक थांबा मागितला. साहेब प्रेमाने म्हणाले, "तुमचीच योजना आहे. तिला गालबोट कशाला?"

दुसऱ्या दिवशी तो मावशीला धरून तिच्या जुन्या थांब्यावर उभा राहिला. माझीच बस, मला बघून थांबेलच, अशी त्याची खात्री होती. बस आली. त्याने दोन्ही हात हलवले, ओळखपत्र नाचवलं, ओरडून घसा कोरडा केला. ड्रायव्हरने त्याला ओळखलं आणि वरिष्ठ म्हणून सलाम ठोकला. बस पुढे गेली. उन्हं चढली, मुदतही टळली.

"आता आपण इथे नाही ना रे?" मावशीने विचारलं.

"नाही, मावशी."

"मग माझा हात धर. नसलेल्या माणसाला एवढं चालवत नाही."

संध्याकाळी बसमधल्या प्रवाशांची मतं घेतली गेली. सगळ्यांनी सेवेला पैकीच्या पैकी गुण दिले. थांब्यावरची दोघं बहुतेकांना दिसली होती. पण बस थांबली असती तर उशीर झाला असता, म्हणून कुणी घंटी वाजवली नाही. घंटी खिडकीशेजारच्या जागेवरून सहज हाताला येते. तिथे बसलेल्या तुम्हाला ते चांगलंच ठाऊक आहे.