घोटभरही पेट्रोल नाही!

साहेब, कंपनीला तोंडघशी तुम्ही पाडलंत, मी नाही! नाव लिहीत नाही. वाचताना कॉलर सैल करावीशी वाटली, तर समजा तुमच्याबद्दलच आहे.

वाचकहो, आमचा कारखाना कडबा कापायची यंत्रं बनवायचा. चौऱ्याहत्तर साली साहेबांच्या मनात आलं, मोटार बनवू! नमुना क्रमांक एक बनला, पण कारखान्याच्या दारापेक्षा रुंद निघाला. अजून आतच आहे. नमुना दोन मात्र माझ्या हातचा! विलायती गाडीला धूळ चारतो की नाही बघा, असं मी भर कॅन्टीनमध्ये सांगून टाकलं.

साहेब म्हणाले, "चारा! सावनेरपर्यंत दोन्ही पळवा. हरलात तर मोटारीचं खातं बंद, आणि तुम्ही परत कडब्याच्या पात्यांना धार लावायला!"

विलायती गाडी सावनेरच्या मार्तंडरावांची. माणूस मालगुजार, गाडी रेल्वेच्या डब्याएवढी. नागपुरात लग्नाला आले होते, बायकोला, सत्यवतीबाईंना, घेऊन परत निघालेच होते. ठरलं: कोराडी नाक्यावरून दोघांनी एकदम सुटायचं, वेळ, पेट्रोल, सगळं तिथूनच मोजायचं.

मे महिना. रस्त्यावर पापड भाजावा असं ऊन! आमचा फिटर नत्थू म्हणाला, "भाऊ, इंजिन तापून राहिलं. समोर वाळ्याची ताटी लावू का?"

काय डोकं! खिडकीला ताटी लावली की घर गार होतं, मग गाडी का नाही होणार? रेडिएटरसमोर जाडजूड ताटी घट्ट बांधली. प्यायचं पाणी, रेडिएटरसाठी आणलेलं पाणी, सगळं तिच्यावर ओतलं. सुगंध तर असा, की नाक्यावरचा शिपाई येऊन उभा राहिला! फक्त वारा तेवढा आत जाईना. मार्तंडरावांची वाट बघत इंजिन चालूच होतं. ते आले, आणि नमुना दोननं चहाच्या किटलीसारखी वाफ सोडून प्राण सोडला. इंजिन जाम!

"असा उन्हात सोडून कसा जाऊ गा तुले?" मार्तंडराव म्हणाले, आणि शेजारच्या मळ्यातून विहिरीचा दोर आणवला.

सत्यवतीबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "काहून गा भाऊ, शर्यत म्हणून राहिले होते न तुमी? आमच्या गाडीचा तं बैल करून टाकला!"

"दोराएवढेच मांगं आहो, काकू!" नत्थू आमच्या गाडीतून ओरडला.

सावनेरला पोचताच पोस्टातून साहेबांना ट्रंककॉल लावला. "साहेब, जरा घोटाळा..."

"तीन मिनिटंच आहेत! विचारतो तेवढंच सांगा. त्यांना वेळ किती लागला?"

"सव्वा तास."

"आपल्याला?"

"तेवढाच, पण..."

"शाब्बास! पेट्रोल?"

"घोटभरही नाही साहेब, कारण..."

"काय सांगता! इंजिनाचा आवाज?"

"अजिबात नाही! अहो, तो दोर..."

फोन बंद!

मी नमुना दोन ट्रकवर घालून नागपूरला पोचेपर्यंत मुंबईच्या मालकांना तार गेली होती, आणि साहेबांना दोराचं ऐकायला सवड नव्हती. मालक आले, नमुना दोनला हार घालून आत बसले, किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. ताटीचा वास मात्र छान येत होता!

खातं बंद. मी पात्यांना धार लावतोय, आणि माझ्यावर ठपका खोट्या माहितीचा! साहेब, मी सांगितलेला एक शब्द खोटा दाखवा. पेट्रोल नाही, आवाज नाही, तरी विलायतीच्या बरोबरीनं पोचते, अशी गाडी कुणी ओढल्याशिवाय चालेल असं तुम्हाला वाटलंच कसं? उत्तर द्या!