परीखानबाईंनी झरे सांगितले त्याची हकीकत

श्री. ज्याने डोंगर उभे केले आणि त्यांवर रेघ एकही ओढिली नाही, त्या जगन्नियंत्यास दंडवत. शके १८४२, रौद्रनाम संवत्सरी वर्तमान घडले ऐसे जे, मोठे युद्ध सरले आणि दूरदेशीच्या विजयी राजांनी कागद केला की, पहाडी लोक परक्या राज्यांत वाटले गेले, त्यांसी आपले एक राज्य द्यावे. वार्ता येताच गावोगाव ढोल वाजले, आणि म्हातारी माणसे गळ्यात गळा घालून रडली. मग मोजणीदार आले, तुमचा मुलूख कोणता तो सांगा म्हणाले. त्या गावी परीखानबाई म्हणोन विधवा होत्या. एकुलती लेक नाझे खिंडीपलीकडे दिली होती. हिवाळाभर वाट बर्फाने बंद, एरवी खिंडीवर सरकारी नाके, परंतु उन्हाळ्यात दोहीकडचे कळप वरच्या कुरणात चढत, आणि मायलेकी एका झऱ्यावर चाळीस दिवस शेजारी बसून मेंढ्या पिळीत. नाझेचे माहेर ते एवढेच. आपले राज्य झाले तर खिंडीवर नाके राहणार नाही, लेक मनास येईल तेव्हा येईल, ही बाईंची आशा. गावचे मुखत्यार हसो आगा म्हणाले, "मावशी, पाण्याचा ठाव तुमच्याइतका कोणास? तुम्ही सांगा, हे लिहितील." मग बाईंनी झरान् झरा नावानिशी सांगितला, आणि पाणचक्कीवाल्या यल्दाचाही झरा सांगितला. यल्दा दुसऱ्या धर्माचा, सात पिढ्या तेथेच दळणारा. तो म्हणाला, "बाई, माझे पाणीही तुमच्याच राज्यात घातले?"

"दादा, आमच्या मेंढ्या तेथेच पितात. तुझ्या चक्कीस कोण हात लावतो?"

"तुमचा भरवसा आहे मजला. तुमच्या राज्याचा शिपाई मजला कोठे ओळखतो?"

"त्यास माझे नाव सांग."

आगा म्हणाले, "यल्दा, तुला वजीर करू, म्हणजे दरबारास पीठ फुकट." सर्व हसले. यल्दा हसला नाही. पुढे पानगळीत, बाई कुरणात असता, खालच्या गावचे उतावळे तरुण आले, झरा आमच्यात लिहिला आहे म्हणोन चक्कीत शिरले. यल्दाने बाईंचे नाव सांगितले. ते म्हणाले, "कोण बाई?" मग यल्दाने बायको खेचरावर बसविली आणि तो गाव सोडून खालच्या सपाट मुलखात निघून गेला. बाई परतल्या तो चक्कीचे दार उघडे, आणि आत मेंढ्या.

मग शके १८४५, रुधिरोद्गारी संवत्सरी राजांनी दुसरा कागद केला, त्यात पहाडी लोकांचे नावच नाही. नव्या रेघा ओढिल्या, आणि बाईंची यादी सरकारात गेली. पाणी तेथे माणूस येणारच, म्हणोन झऱ्याझऱ्यावर चौकी बसली. बाई कुरणात चढल्या तो मधोमध तार. शिपायाने यादी दाखवून पुसिले, "नावे बरोबर आहेत काय?" बाई म्हणाल्या, "बरोबर आहेत. मीच सांगितली." तारेपलीकडे नाझे उभी, कडेवर तान्हे. बाईंनी हाक दिली, "कोणावर गेले गं?" नाझे म्हणाली, "नाक तुझे आहे, आई." शिपाई म्हणाला, "बोलणे मना आहे." मग मायलेकींनी आपापल्या बाजूस मेंढ्या पिळल्या, आणि दुसऱ्या दिवशी नाझेचा कळप मागे हाकला गेला.

हसो आगा पुढे सरकाराविरुद्धच्या बंडात सामील झाले आणि पकडले जाऊन परमुलखी वारले. यल्दा शहरात पाव भाजू लागला. मुलाने पुसिले तर गावचे नाव सांगत नसे. नाझेच्या लेकरांस शाळेत आपली सोडून पलीकडच्या सरकारची भाषा पढविली. बाई नऊ उन्हाळे तारेपर्यंत जात राहिल्या, दहाव्यास गुडघे चालेनात, आणि त्या हिवाळ्यात बाई निवर्तल्या. वार्ता नाझेस दीड वर्षाने, चोरून चहा आणणाऱ्या व्यापाऱ्याकडून कळली. ती तेव्हा ताक घुसळीत होती. लोणी येणेस आले होते, म्हणोन तिने हात थांबविला नाही. लोणी काढून झाले, मग ती रडली.

एकूण इतके झाले की, राज्य मिळाले नाही, आणि जे होते तेही वाटले गेले. इति.