टिटवीचं बोलावणं

वसंताची चाहूल ओळखण्यात अख्ख्या फरीदाबादेत माझा हात धरणारा कोणी नाही. ऑफिसात लोक फायलींत मान घालून बसलेले असतात, तेव्हा मी खिडकीतून जाहीर करतो, "बुलबुल काड्या न्यायला लागला." कुणी वर बघत नाही, ती गोष्ट वेगळी.

माझे सासरे तात्याराव साताऱ्याहून आमच्याकडे आले आणि दिल्लीच्या धुरकट हिवाळ्याने अंथरुणालाच खिळले. छातीत घरघर, तोंडाला चव नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड. डॉक्टर म्हणाले, "अब मन से उठें, तभी उठेंगे." म्हटलं, मग हे काम माझंच! व्हीलचेअरवर बसवून त्यांना सोसायटीमागच्या शेताकडे नेलं.

मोहरी नुकतीच कापलेली. होला पक्षी घुमत होता. "ते बघा, तात्या," म्हणत मी खुर्ची ढकलत राहिलो आणि चाक थेट टिटवीच्या अंड्यांपाशी नेलं. झालं! टिटवी किंचाळत आमच्या डोक्यावर झेपावली, पुन्हा पुन्हा.

आमच्याकडे टिटवी डोक्यावर ओरडली की मरण ओढवतं असं मानतात. तात्याराव पांढरेफटक पडले.

"जावईबापू, बोलावणं आलं."

"अहो, तिची अंडी आहेत इथे. ती आपल्याला हाकलतेय."

"मला हाकलतेय. उल्हासला बोलवा."

घरी येऊन त्यांनी पाणीसुद्धा सोडलं. माझी बायको वैजयंती रडायला लागली, तिने भावाला फोन केला. उल्हास बायकामुलांसकट विमानाने आला. मागोमाग नागपूरच्या काकू गंगाजल घेऊन. आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही.

तात्यारावांनी एकेकाचा चेहरा निरखला, उठून बसले आणि विचारलं, "पिठलं आहे का?"

मग रोज पिठलं, पत्ते, जुन्या गोष्टी. उल्हास मला बाल्कनीत गाठून म्हणाला, "दाजी, वर्षाची सगळी रजा संपवून आलोय मी. एका पक्ष्यापायी." सगळे जरा फुगूनच परतले.

घर रिकामं झालं तसे तात्या पुन्हा भिंतीकडे वळले. एका सकाळी चहा घेऊन गेलो, तर त्यांनी हाकेला ओ दिली नाही. हात लावला, तो गार. मी तिथेच खाली बसलो. म्हातारा माझ्या किती जवळचा झाला होता, ते तेव्हा कळलं.

वैजयंती तात्यांचा हात सोडेना, म्हणून फोन मीच लावला.

"उल्हास, तात्या गेले."

तो हळूच म्हणाला, "दाजी, या वेळी नक्की ना?"