दोनशे एकोणपन्नास ग्रॅम

आमच्या वरच्या मजल्यावरचे सोनवणे काका आयुष्यात एकदाही परदेशी गेलेले नाहीत. पण कुठल्या देशात ड्रोन न्यायचा तर काय नियम, हे त्यांना तोंडपाठ. थेरगावातल्या आमच्या सोसायटीत कुणी दुबईच्या सहलीचे पेढे वाटायला आलं, की काका पेढा हातात धरून विचारणार, "ड्रोन नेताय का?" समोरचा नाही म्हणाला तरी बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवायची, तिच्या टोकांना चिकटपट्टी लावायची, हे ऐकल्याशिवाय त्याची सुटका नाही.

चाकणच्या एका ब्रेकच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं माल तपासला. पास मालाला हिरवं स्टिकर, बाद मालाला लाल, शंका असली की पिवळं. निवृत्त झाल्यावर त्यांनी देश तपासायला घेतले. जाड वहीत देशागणिक एक पान. जिथे सरसकट बंदी, तो देश लाल. स्वतःचा ड्रोन दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढायचा. दोनशे एकोणपन्नास ग्रॅम. "अडीचशेला बऱ्याच ठिकाणी नियम बदलतो. मोजल्याशिवाय बोलू नये, राव." पोहेसुद्धा ते मोजून भिजवतात. काकू होत्या तेव्हा म्हणायच्या, ह्यांनी एक मलाच तेवढं न मोजता आणलं.

थेरगावात मात्र तो ड्रोन कधी उडाला नाही. जवळ विमानतळ, लष्कराची जागा. काका नियम मोडणार नाहीत. मग हा खटाटोप कशाला, म्हणून सगळे हसायचे. मीही.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने मला दोन आठवडे जर्मनीला पाठवायचं ठरवलं. काका खोकं घेऊन खाली आले. जर्मनीचं पान हिरवं होतं. शेजारी बसवून माझ्या नावाने नोंदणी करून घेतली, विमा काढायला लावला. उंची एकशेवीस मीटरच्या आत, ड्रोन सतत नजरेसमोर, परत आणताना अडायला नको म्हणून जाताना आपल्या कस्टमकडून कागद, आणि कुणी काढून घेतलाच तर पावती. मग एका गावाचं नाव सांगितलं. माझ्या मुक्कामापासून अर्ध्या तासावर. त्यांची मुलगी तिथे असते, हे मला तेव्हा कळलं. तिच्या लग्नावरून बोलणं तुटलेलं.

"तिच्या घरावर न्यायचा नाही. परवानगी लागते, ती देणार नाही. गावाबाहेर मैदान आहे, तिथूनच वर घे. कॅमेऱ्यात छपरं दिसतील. त्यातलं एक तिचं."

खोक्याचं झाकण त्यांनी दोनदा बसवलं.

"एकदाच न मोजता बोललो, राव. तिच्याशीच."

निघायच्या दिवशी मी ते खोकं बॅगेतून काढून माळ्यावर टाकलं. सोबत साहेब होते. विमानतळावर त्यांच्यासमोर हे खेळणं बाहेर काढायला लागलं तर काय म्हणतील? एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर बरं झालं असतं.

परत आल्यावर काकांना सांगितलं, तिकडे उतरल्यावर काढून घेतला.

"पावती?"

"दिली नाही."

तीस वर्षं खोटे दाखले पकडलेल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. वही उघडली, जर्मनीचं हिरवं स्टिकर नखाने खरवडलं आणि पिवळं लावलं. मग पोहे मोजायला उठले. मला खाल्ल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

चारेक महिन्यांनी जिन्यात भेटले. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत, भिंतीकडे बघत म्हणाले, "ड्रोनची बॅटरी तशीच पडून राहिली की फुगते. तीन महिन्यांनी थोडी चार्ज करायची असते. आपल्या बिल्डिंगचे माळे फार तापतात, राव. खाली तुझी आई झोपते."

आणि वर निघून गेले.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मी ती बॅटरी चार्ज करतो. खोकं पुसून पुन्हा ठेवतो. आता माळ्यावर नाही, दाराजवळच्या कपाटात. तिथून काकांचं दार अठरा पायऱ्यांवर आहे. मोजल्यात मी.